माध्यमिक स्तरावरील विज्ञान अध्यापनात संगणकीय अनुरूपणाचे स्थान : धाराविद्युत व आनुवंशिकता या घटकांच्या संदर्भात

सारांश

माध्यमिक शाळांत संगणक पोहोचल्यानंतर विज्ञानाच्या अध्यापनासाठी संगणकीय अनुरूपणे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली आहेत. ही अनुरूपणे प्रयोगशाळेला पर्याय ठरतात की पूरक, हा प्रश्न मात्र बहुधा साधनांच्या उपलब्धतेच्या अंगाने हाताळला जातो. प्रस्तुत लेखात तो ज्ञानाच्या स्वरूपाच्या अंगाने तपासला आहे. अनुरूपण हे निसर्गनियमाचा पुरावा नसून त्या नियमापासून निघणाऱ्या परिणामांचे दर्शन असते. विद्यार्थ्याचे पूर्वकथन अनुरूपणाच्या आधी आणि प्रत्यक्ष वस्तूशी तुलना त्याच्या नंतर घडवून आणली, तरच त्याचा शैक्षणिक लाभ मिळतो, असे येथे दोन घटकांच्या आधारे स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : संगणकीय अनुरूपण, प्रतिमान, पूर्वकथन, धाराविद्युत, आनुवंशिकता, माध्यमिक शिक्षण.

१. प्रस्तावना

ओहमचा नियम विद्यार्थ्याला माध्यमिक स्तरावर भेटतो. विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांचा संबंध तो पाठ करतो, त्यावरील गणिते सोडवतो आणि परीक्षेत गुणही मिळवतो. अशा विद्यार्थ्यापुढे महाविद्यालयात एक साधा प्रश्न ठेवावा. एका विद्युत घटाला दोन एकसारखे दिवे एकसर जोडणीत जोडले, तर घटाच्या धन अग्राजवळचा दिवा दुसऱ्यापेक्षा अधिक प्रखर पेटेल, कमी पेटेल की तितकाच पेटेल? 'पहिला दिवा अधिक प्रखर, कारण त्याने वापरून उरलेली धारा दुसऱ्याला मिळते' हे उत्तर सूत्र बिनचूक येणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनही येते. धारा दिव्यात 'खर्च' होते ही समजूत विज्ञान शिक्षणाच्या संशोधनात १९८० च्या दशकापासून अनेक देशांत नोंदली गेली आहे. ती शाळेत येण्यापूर्वीच तयार झालेली असते आणि सूत्राच्या पाठांतराने हलत नाही.

या समजुतीचा ठावठिकाणा फळ्यावरील आकृतीतून लागत नाही. आकृतीत दिवा पेटत नाही आणि धारा दिसत नाही. प्रयोगशाळेत दिवा पेटतो, परंतु धारा तेथेही दिसत नाही. दिसतो तो फक्त ॲमीटरचा काटा. मधली ही रिकामी जागा भरण्याचे काम अनुरूपण करू शकते. तथापि ते कोणत्या अटींवर करते आणि त्या अटी न पाळल्यास काय बिघडते, याचा विचार माध्यमिक शिक्षकांना घडवणाऱ्या व त्यांच्या विद्यार्थ्यांना पुढे शिकवणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांनी करणे आवश्यक आहे.

२. अनुरूपण म्हणजे काय?

शाळांमध्ये 'सिम्युलेशन' हा शब्द सैलपणे वापरला जातो. पडद्यावर हलणारे कोणतेही चित्र त्यात गणले जाते. येथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. चित्रफीत ही घडून गेलेल्या घटनेची नोंद असते. सचेतनपट म्हणजे 'ॲनिमेशन' हे आधी ठरवलेल्या क्रमाने हलणारे चित्र असते. ते कितीही वेळा पाहिले तरी तेच दाखवते. अनुरूपणात मात्र एक गणिती प्रतिमान दडलेले असते. वापरणारा एखादी राशी बदलतो, संगणक त्या प्रतिमानानुसार नव्याने हिशेब करतो आणि त्याचा परिणाम दाखवतो. म्हणून अनुरूपणाला प्रश्न विचारता येतो, चित्रफितीला येत नाही.

याच व्याख्येतून एक मर्यादाही निघते. संगणकातील दिवा ओहमचा नियम पाळतो, कारण त्याला तो पाळण्यास सांगितलेले असते. संगणकातील वाटाण्याची रोपे मेंडेलच्या गुणोत्तराकडे झुकतात, कारण ती संभाव्यता आज्ञावलीत आधीच लिहिलेली असते. अनुरूपणातून 'नियमाचा पडताळा आला' असे विद्यार्थ्याने वहीत लिहिणे म्हणूनच तर्कदृष्ट्या चुकीचे आहे. पडताळा निसर्गातून येतो. 'नियम खरा मानला तर काय घडेल' एवढेच अनुरूपण सांगते. ही एवढी गोष्ट कमी महत्त्वाची नाही, कारण नियमापासून परिणामापर्यंत जाण्यातच बहुतेक विद्यार्थी अडखळतात.

३. साधनांची पार्श्वभूमी

भारतीय शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४-८५ च्या 'क्लास' प्रकल्पातून झाला. त्यात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. त्या टप्प्यावर भर संगणकाच्या ओळखीवर होता. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची स्वतंत्र योजना सुरू केली आणि संगणक हा शिकण्याचा विषय न राहता शिकवण्याचे साधन व्हावा, ही अपेक्षा ठळक झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आभासी प्रयोगशाळांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आज विनामूल्य उपलब्ध असलेल्या साधनांपैकी तीन माध्यमिक स्तरासाठी विशेष उपयोगी आहेत. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००१ मध्ये मिळवणाऱ्या कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यातील अनेक अनुरूपणे मराठीत अनुवादित असून ती एकदा उतरवून घेतल्यास इंटरनेटविना चालतात. अमृता विश्व विद्यापीठम् व मुंबईचे सी-डॅक यांनी विकसित केलेल्या 'ओलॅब्स'मध्ये नववी ते बारावीचे प्रयोग आहेत. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे आरंभलेले 'जिओजेब्रा' हे भूमिती व बीजगणितासाठी वापरले जाते. साधनांचा अभाव ही अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. त्यांचा वापर कसा करावा याविषयीचा विचार मात्र त्या गतीने पुढे गेलेला नाही.

४. धाराविद्युत : पूर्वकथनापासून स्पष्टीकरणापर्यंत

रिचर्ड व्हाइट व रिचर्ड गनस्टोन यांनी १९९२ मध्ये मांडलेली 'पूर्वकथन, निरीक्षण, स्पष्टीकरण' ही तीन पायऱ्यांची पद्धत अनुरूपणासाठी अतिशय सोयीची आहे. 'फेट'मधील परिपथ बांधणीचे अनुरूपण घेऊन तिचा क्रम पुढीलप्रमाणे लावता येतो.

पडदा बंद असतानाच शिक्षकाने फळ्यावर परिपथ काढावा आणि प्रश्न विचारावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले उत्तर कारणासह वहीत लिहावे. लिहिण्याचा आग्रह महत्त्वाचा आहे. न लिहिलेले पूर्वकथन विद्यार्थी उत्तर कळताच नकळत बदलतो आणि 'मला हेच वाटत होते' असे प्रामाणिकपणे मानतो. त्यानंतर हात वर करून मतमोजणी घ्यावी व आकडे फळ्यावर राहू द्यावेत.

आता अनुरूपण सुरू करावे. ९ व्होल्टचा घट आणि १० ओहम रोधाचा एक दिवा घेतल्यास ॲमीटर ०.९ ॲम्पिअर दाखवतो. तसाच दुसरा दिवा एकसर जोडणीत आणल्यास ॲमीटर परिपथात कोठेही ठेवला, घटाच्या आधी, दोन दिव्यांच्या मध्ये किंवा शेवटी, तरी ०.४५ ॲम्पिअर हेच वाचन मिळते. धारा खर्च होत नाही ही गोष्ट येथे डोळ्यांना दिसते. दोन्ही दिवे सारखेच पेटतात, मात्र पूर्वीपेक्षा बरेच मंद. किती मंद, हा पुढचा प्रश्न. धारा निम्मी झाली म्हणून प्रकाशही निम्मा, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः एका दिव्याला मिळणारी शक्ती ८.१ वॅटवरून सुमारे २ वॅटवर, म्हणजे एक चतुर्थांशावर येते, कारण शक्ती धारेच्या वर्गावर अवलंबून असते.

तिसरी पायरी समांतर जोडणीची. 'घट तेवढीच धारा देणार, ती दोघांत वाटली जाणार' हे पूर्वकथन येथे हमखास येते. प्रत्यक्षात प्रत्येक दिवा एकट्या दिव्याइतकाच पेटतो आणि घटातून १.८ ॲम्पिअर धारा निघते. घट हा ठरावीक धारेचा नव्हे, तर ठरावीक विभवांतराचा स्रोत आहे, ही कल्पना सूत्रात लपलेली असते. ती उघड होण्यासाठी आधी चुकीचे पूर्वकथन झालेले असावे लागते.

या क्रमाला संशोधनाचाही आधार आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या एका गटाने परिपथाचा प्रयोग खऱ्या साहित्यावर, तर दुसऱ्याने अनुरूपणावर केला. त्यानंतर दोन्ही गटांनी खरा परिपथ बांधला. नोआ फिंकेलस्टाइन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात अनुरूपणावर काम केलेला गट संकल्पनात्मक प्रश्नांत आणि खरा परिपथ बांधून समजावून सांगण्यातही सरस ठरला. हा निष्कर्ष उद्धृत करताना दोन गोष्टी सहसा गाळल्या जातात. हे विद्यार्थी विद्यापीठातील होते, शाळेतील नव्हे. आणि अनुरूपण वापरलेल्या गटालाही अखेरीस खऱ्या तारा व खरे दिवे हाताळावे लागले होते. 'प्रयोगशाळेची गरज नाही' असा अर्थ या अभ्यासातून निघत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. टोन डी याँग व वाउटर व्हान यूलिंगन यांनी १९९८ मध्ये घेतलेल्या संशोधन आढाव्यानुसार, अनुरूपण हाती देऊन मोकळे सोडलेल्या विद्यार्थ्यांना गृहीतक मांडणे, प्रयोगाची रचना करणे आणि निष्पत्तीचा अर्थ लावणे या तिन्ही बाबतींत अडचणी येतात. एका वेळी एकच राशी बदलावी हे पथ्य ते पाळत नाहीत. संगणक कक्षात विद्यार्थ्यांनी तासभर बटणे दाबली म्हणजे शोधवृत्ती जागी झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

५. प्रतिमान आणि प्रत्यक्ष यांतील अंतर

अनुरूपणानंतर तोच परिपथ टेबलावर बांधावा. विजेरीतील दोन घट, २.५ व्होल्ट व ०.३ ॲम्पिअरचे दोन तंतुदिवे, काही तारा आणि एक मल्टिमीटर एवढे साहित्य पुरते. येथे निराळाच अनुभव येतो. दोन दिवे एकसर जोडणीत लावल्यावर धारा निम्मी होत नाही. ती निम्म्याहून अधिक राहते. समांतर जोडणीत प्रत्येक दिवा पूर्वीइतकाच न पेटता किंचित मंदावतो आणि घट जुने असल्यास चांगलाच मंदावतो.

अनेक शिक्षक या टप्प्यावर 'साहित्य बरोबर नाही' असे सांगून संगणकाकडे परततात. खरे अध्यापन येथेच सुरू व्हायला हवे. दिव्याच्या तंतूचा रोध स्थिर नसतो. तंतू तापला की रोध वाढतो. वरील दिवा पूर्ण तेजाने पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे ८.३ ओहम असतो, तर न पेटलेल्या स्थितीत मल्टिमीटरने मोजल्यास तो याच्या लहानशा अंशाइतकाच भरतो. एकसर जोडणीत तंतू कमी तापतो, रोध घटतो आणि म्हणून धारा अपेक्षेपेक्षा जास्त राहते. समांतर जोडणीत दिवे मंदावतात ते घटाच्या अंतर्गत रोधामुळे. संगणकाने दिव्याचा रोध स्थिर आणि घटाचा अंतर्गत रोध शून्य मानला होता. ही गृहीते होती, हे विद्यार्थ्याला आता प्रथमच कळते. प्रतिमान म्हणजे काय, याचा याहून चांगला पाठ माध्यमिक स्तरावर क्वचितच देता येईल.

चित्रणातूनही गैरसमज रुजू शकतात. अनुरूपणात इलेक्ट्रॉन ठळक गोळ्यांच्या रूपात दिसण्याजोग्या वेगाने सरकतात. ते घटातून निघून दिव्यापर्यंत पोहोचले की दिवा पेटतो, असा समज त्यातून सहज होतो. वास्तविक एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक ॲम्पिअर धारा वाहत असताना इलेक्ट्रॉनांचा सरासरी अपवाह वेग सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर असतो. एक मीटर अंतर कापण्यास त्यांना साडेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. दिवा तत्काळ पेटतो, कारण तारेतील सर्वच इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदम हलू लागतात. हा हिशेब फळ्यावर करून दाखवला, तर पडद्यावरील गोळ्यांचे स्थान विद्यार्थ्याच्या मनात निश्चित होते.

६. आनुवंशिकता : जेथे प्रयोगशाळा अपुरी पडते

काही घटकांत शालेय प्रयोग शक्यच नसतो. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांसाठी सुमारे आठ वर्षे दिली आणि १८६५ मध्ये ते मांडले. शाळेच्या वेळापत्रकात ते बसत नाहीत. परिणामी ३:१ हे गुणोत्तर चौकटीच्या आकृतीतून येते आणि चार चौकटी म्हणजे चार संतती, असा अर्थ विद्यार्थी घेतो. 'चार अपत्यांपैकी एकात अप्रभावी लक्षण येणारच' हे विधान पदवी वर्गातही ऐकू येते. वाटाण्यापुरती ही चूक निरुपद्रवी वाटते. परंतु थॅलेसीमिया किंवा सिकलसेलसारख्या विकारांचे वाहक असलेल्या दांपत्याबाबत तीच समजूत गंभीर ठरते. 'पहिल्या मुलाला आजार झाला, आता पुढची तीन सुरक्षित' हा निष्कर्ष त्याच चौकटीतून निघतो. वस्तुतः प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता एक चतुर्थांशच राहते.

येथे आरंभ संगणकाने करू नये, नाण्यांनी करावा. दोन नाणी म्हणजे दोन जनक. दोन्हींवर काटा आला तर अप्रभावी लक्षण, अन्यथा प्रभावी. प्रत्येक विद्यार्थ्याने चार वेळा नाणी उडवावीत. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात सुमारे २५ जणांनाच नेमके ३:१ मिळेल, कारण त्याची संभाव्यता सुमारे ४२ टक्के आहे. आणि सुमारे १९ जणांना एकही अप्रभावी संतती मिळणार नाही, कारण ती संभाव्यता सुमारे ३२ टक्के आहे. वर्गाची एकत्रित बेरीज केली की २४० संततींमधील अप्रभावींचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास, साधारणपणे २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान येते. पुढचा टप्पा संगणकाचा. स्प्रेडशीटमधील यादृच्छिक संख्येच्या सूत्राने ४००० संतती क्षणात तयार होतात आणि हे प्रमाण २५ टक्क्यांपासून सहसा दीड टक्क्याहून अधिक ढळत नाही. नाण्यांचा अनुभव असल्यामुळे संगणकाने काय केले, हे विद्यार्थ्याला नेमके ठाऊक असते.

अखेरीस मेंडेल यांची प्रत्यक्ष आकडेवारी ठेवावी. बियांच्या आकाराबाबत त्यांनी मोजलेल्या ७३२४ बियांपैकी ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेल्या होत्या, म्हणजे गुणोत्तर २.९६:१. नाणी व संगणक यांनी 'नियम खरा असेल तर काय दिसेल' हे सांगितले. बागेतील मोजणीने निसर्गात काय दिसले ते सांगितले. अनुरूपण आणि पुरावा यांतील फरक विद्यार्थ्यापुढे असा समोरासमोर आला पाहिजे.

७. वर्गातील अडचणी

साठ-सत्तर विद्यार्थ्यांचा वर्ग, एकच प्रक्षेपक आणि बेभरवशाची वीज ही परिस्थिती अनेक शाळांत आहे. वर वर्णन केलेला पाठ मात्र एका संगणकावरही घेता येतो, कारण त्यातील महत्त्वाचे काम वहीत व चर्चेत घडते. अनुरूपण आधीच उतरवून ठेवले, तर जोडणी खंडित झाल्याने पाठ थांबत नाही.

परिभाषेची अडचण अधिक सूक्ष्म आहे. पाठ्यपुस्तकात 'विभवांतर', पडद्यावर कधी 'व्होल्टेज', शिक्षकाच्या तोंडी 'दाब' असे तीन शब्द एकाच राशीसाठी आले की मराठी माध्यमाचा विद्यार्थी गोंधळतो. पाठाच्या आरंभी हे शब्द फळ्यावर जोडीने लिहून ठेवल्यास तो टळतो.

सर्वांत मोठी अडचण मूल्यमापनाची आहे. प्रयोगवहीत अपेक्षित वाचने आधीपासून ठाऊक असतात आणि प्रत्यक्ष वाचन त्यांच्याशी जुळवून लिहिण्याची सवय शाळेतच लागते. महाविद्यालयात ती पक्की होते. त्रुटीरहित वाचने देणारे अनुरूपण या सवयीला खतपाणी घालू शकते. म्हणून प्रयोगवहीत पूर्वकथन, अनुरूपणाचे वाचन, प्रत्यक्ष वाचन आणि फरकाचे कारण असे चार स्तंभ असावेत व गुण मुख्यतः चौथ्या स्तंभाला असावेत. २०२०-२१ मध्ये शाळा बंद असताना अनेकांना केवळ पडद्यावरील प्रयोगांवर भागवावे लागले. ती आपत्कालीन सोय नेहमीची व्यवस्था ठरू नये.

८. निष्कर्ष

१. अनुरूपण नियमाचा पुरावा देत नाही. नियमाचे परिणाम दाखवते. हा भेद विद्यार्थ्याला स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे.

२. लेखी पूर्वकथनावाचून दाखवलेले अनुरूपण चित्रफितीच्या पातळीवर उतरते.

३. जेथे प्रयोग शक्य आहे तेथे अनुरूपणानंतर प्रत्यक्ष प्रयोग करावा आणि दोहोंतील अंतर हाच चर्चेचा विषय करावा. जेथे प्रयोग शक्य नाही तेथे हाताने करण्याजोगी लहान कृती आणि मूळ संशोधनातील आकडेवारी यांची जोड द्यावी.

४. अध्यापक विद्यालये व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी पाठ नियोजनात अनुरूपणातील गृहीतांची नोंद अनिवार्य करावी.

विजेरीचा मंदावलेला दिवा संगणकाच्या उत्तराशी जुळत नाही, तेव्हा त्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. वाचन खोडून पडद्यावरचा आकडा लिहावा, किंवा हे असे का झाले ते विचारावे. तो कोणती वाट धरतो हे त्याच्या शिक्षकाने अनुरूपण कशासाठी वापरले होते यावर ठरते, आणि तीच सवय घेऊन तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत येतो.